गाण्याखाली दबलेली पाठवणी

दिवाळीत आमच्या घरी भिंतभर टीव्ही आला आणि नवऱ्याची झोप उडाली. सिल्वासात दोऱ्याच्या कंपनीत मेंटेनन्सला असलेला हा माणूस. जुनं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. टीव्ही फोर-के आणि त्यावर आमच्या लग्नाची डीव्हीडी धुरकट दिसते, हे त्याला सहन होईना. "दुकानात देऊ. फोर-के करून देतात. तुझ्या नथीचा मोती न् मोती दिसेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, करायचं तर मूळ कॅसेटवरून. नाहीतर मला नको.

"कॅसेट अजून आहे?"

होती. माझ्या साड्यांखाली. त्याने ती भंगारात काढली की मी गुपचूप परत आणून ठेवायची.

आमचं लग्न धुळ्याकडे, माझ्या माहेरी झालं. तेव्हा लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवून घ्यायची पद्धत होती, त्याला मिक्सिंग म्हणायचे. हळदीला एक गाणं, वरातीला दुसरं, पाठवणीला ठरलेलं रडकं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, व्हिडिओवाल्याला साफ सांगितलं, "आम्ही काय पिच्चर काढी ऱ्हायनूत का? जशी शे तशी दे." म्हणून कॅसेट बिनगाण्यांची आली. शेजारून व्हीसीआर आणून आम्ही ती एकदाच पाहिली, तीही पाहुण्यांच्या गोंगाटात. पाठवणी आली तशी मी लाजून चहा करायला उठले.

पुढे डीव्हीडीचं वारं आलं तेव्हा नवऱ्यानेच इथल्या दुकानात बसून हौसेने गाणी निवडली. चित्राची थरथर थांबली, कडेला गुलाब फुलले. गाण्यांखाली मूळ आवाज तेवढा गेला. अख्ख्या लग्नात एक माणूस बोलत नाही, सगळे नुसती तोंडं हलवतात.

त्यात आप्पाही आले. गाडीपाशी माझ्या डोक्यावर हात ठेवून ते काहीतरी म्हणाले होते. काय म्हणाले ते मला कळलंच नाही, इतकी मी रडत होते. आप्पा तेव्हा रडले नाहीत म्हणून आत्या अजूनही मला ऐकवते, "तुना बाप दगड. पोर वाटे लावी पन डोयाम्हा पानी उनं नही." आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? मला ते शब्द ऐकायचे होते. काय वाट्टेल ते झालं तरी ऐकायचे होते.

दुकानदाराने कॅसेटचं झाकण उचलून पाहिलं. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. इथल्या पावसाळ्यात पापड टिकत नाहीत, कॅसेट कुठून टिकणार!

"बेन, इसको छोडो. डीव्हीडी है ना, उसी का फोर-के बना देता हूँ. एकदम नया."

"उसमें मेरे पिताजी की आवाज नहीं है, भाई."

"आवाज का क्या करना है? बढिया गाना डाल देंगे."

माझं डोकंच फिरलं. गाणं घातलंत तर या दुकानाची पायरी चढणार नाही, असं मी हिंदी, गुजराती, मराठी जे तोंडात येईल त्यात ठणकावलं. तो हसला आणि म्हणाला, मग व्हीसीआर तुम्हीच आणा. त्याच्याकडचा केव्हाच मोडीत गेला होता.

इथल्या खान्देशी बायकांच्या ग्रुपवर मी विचारलं. जवळच्या रांधा गावात एकीच्या माळ्यावर व्हीसीआर निघाला. नवरा म्हणाला, रविवारी जाऊ. मी कसली रविवारपर्यंत थांबतेय! स्कूटी काढली आणि ते धूड पायाशी ठेवून घेऊन आले. दुकानदाराने त्याचा सैल झालेला पट्टा बदलला, फीत जपून पुसली, उतरवून घ्यायला कॉम्प्युटर जोडला आणि बजावलं, "एक ही बार चलेगा, बेन. टूट गया तो गया."

तेव्हा मात्र मी घाबरले. कॅसेट साड्यांखाली होती तोवर आप्पांचा आवाज निदान घरात तरी होता. नवऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "राहू दे मग."

"चालवा," मी म्हटलं.

चित्र थरथरत होतं, रंग पार उतरलेले. पण आवाज! वाजंत्री, तावातावाने भांडणारे मामा, पंगतीत वरणासाठी चाललेली ओरड. नवरा फोर-के विसरून खुर्ची ओढून बसला. मग दारात गाडी लागली. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्याशी नाही, कॅमेऱ्याकडे वळून बोलले, "तो लाईट बंद कर भो. पोर रडी ऱ्हायनी."

कॅमेऱ्याचा लाईट विझला आणि रात्रीच्या अंधारात पडदा काळा झाला. डीव्हीडीत हा भाग कापलेलाच होता. दुकानदार म्हणाला, "ये काला वाला निकाल देता हूँ."

"हात लावू नका," मी म्हटलं.

त्या काळोखात कुणीतरी हुंदके देत होतं. मला वाटलं, मीच. मग गाडीचं दार लागलं, इंजिन सुरू झालं, आवाज लांब लांब गेला. माझं रडणं त्या गाडीबरोबर गेलं. हुंदके तिथेच राहिले, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, जाड, पुरुषी आवाजातले. मामा हळूच म्हणत होते, "आप्पा, बस करा आते. गाडी गयी."