आत्या विमानतळावरूनच परत गेली

मंडळी, आज इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईत, माझ्या नातीचं बारसं होतं. नाव ठेवायला अमेरिकेहून आत्या, म्हणजे माझी लेक मेधा, यायची होती. तिला विमानतळावरूनच परत पाठवलं.

अमेरिकेत कॉलेजात असताना तिच्याकडे चिमूटभर गांजा सापडला होता. दंड झाला. पुढे तिथल्याच कोर्टाने तो गुन्हा नोंदीतून पुसूनही टाकला. पण इथे उतरताना भरायच्या फॉर्मवर विचारतात, कधी शिक्षा झाली होती का?

निघण्यापूर्वी तिचा फोन आला. "आई, काय लिहू? नोंद तर आता नाही."

"खरं ते लिही. नन्सच्या शाळेत शिकलेय मी, खोटं लिहायला सांगणार नाही," मी ठसक्यात म्हणाले.

तिने ‘हो’ लिहिलं. पुसलेल्या गुन्ह्यालाही जन्मठेप असते, हे मला आज कळलं.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यांनी तिला एक फोन करू दिला. सुनेने तो बाळाच्या कानाशी धरला. ‘कुर्रर्र’ म्हणतानाच मेधाला रडू फुटलं. बाळाच्या कानात नाव शेवटी मीच सांगितलं.

फोन ठेवताना ती म्हणाली, "आई, तू बरोबरच सांगितलंस." त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही तुमच्या लेकीला काय सांगितलं असतं?