ज्याची वाटी त्याच्या डब्यात

कूलरची घरघर हळूहळू लांब जाते आणि सुमेधा वऱ्हाडपांडेला कळतं, की आपला डोळा लागतोय. रविवारची दुपार आहे, धरमपेठेतलं ऑफिस रिकामं आहे, जेवण झालेलं आहे. टेबलावर डोकं टेकवायचं ते फक्त पाच मिनिटं, असं तिनं स्वतःला बजावलंय. झोप कुणाच्या बापाचं ऐकते!

समोरच्या पडद्यावर तिचा प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला आहे. जिल्ह्यात कुणी रुग्णवाहिकेसाठी फोन लावला, की तो निरोप कंट्रोल रूमला पोचवायचा, एवढंच त्याचं काम. उद्या सकाळी तो खरोखर चालू होणार आहे. आणि हा शहाणा चाचणीतले थोडे कॉल छान घेतो, मग मान टाकतो. कॉल आला की नेटवर्कच्या लायब्ररीकडून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडकडून, मेमरीचा एक डबा मागून घ्यायचा. डब्यात वाट्या असतात, एक पाठवणाऱ्याच्या पत्त्याची, एक निरोपाची. काम झालं की डबा परत. डबा-वाटीची ही भाषा बोधनकर सरांची. त्यांनीच तिला हे काम हाताला धरून शिकवलं, आणि गेल्या दिवाळीनंतर ते गेले. उद्या कुणाच्या छातीत कळ येईल, घरचे फोन लावतील आणि नेमका तेव्हाच हा बसेल. सर असते तर, असं ती पुटपुटते, आणि गालाखालचं टेबल थंडगार लागतं.

थंडगार, कारण ते स्टीलचं आहे. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचा तो कौंटर आहे, आणि कूलर समजत होती ते भांड्यांवर नाव कोरायचं यंत्र आहे. शेजारच्या स्टुलावर बोधनकर सर बसलेत. भर मे महिन्यात बिनबाह्यांचं स्वेटर घालून, बशीतून चहा पीत.

“सर, तुम्ही तर गेलात ना?”

“म्हणून तर निवांत आहो. तू काय करून राहिली इथं?”

“डबा परत करायला आले.”

तिच्या हातात खरंच डबा आहे, मसाल्याचा, गोल. मागे रांग लागली आहे. रांगेच्या टोकाला एक म्हातारी छातीवर हात ठेवून उभी आहे. सुमेधा घाईघाईनं डबा पुढे करते. दुकानदार झाकण काढतो. इथे भांडी मोडीत घेतात, डबा आला की आतल्या वाट्यांसकट. पण त्याआधी तो एकेक वाटी उलटी करून बुडाशी कोरलेलं नाव वाचतो. पहिली वाटी ठीक. दुसरी वाचतो आणि त्याचा हात थांबतो.

“बाई, ही आमच्या दुकानची नाही. यावर तुमचंच नाव आहे. मी हिला मोडीत कशी घेऊ?”

आणि तो शटर ओढतो. खाडकन. सगळा बाजार अंधारतो, यंत्र बंद पडतं, रांग जागच्या जागी उभी राहते. म्हातारी भिंतीला टेकते.

“सर! हे असंच होतं! रोज हेच होतंय!”

“होईल नाही तर काय,” सर शांतपणे म्हणतात. “तुझी वाटी त्याच्या डब्यात गेलीच कशी?”

“त्यांची निरोपाची वाटी लहान पडत होती. मोठा निरोप आला की सांडायचा. म्हणून मी ती काढली नि माझी मोठी ठेवली.”

“ठेव ना. कोणी नाही म्हटलं? पण परत देताना तुझी काढून घे, त्याची त्याला दे. तो डबा वाट्यांसकट मोडतो. तुझी वाटी त्याच्यानं मोडत नाही, म्हणून दुकान बंद. आणि त्याची कुठं आहे?”

कुठं आहे? सुमेधा बघते तर ती सरांच्या स्वयंपाकघरात उभी आहे. फळ्या छतापर्यंत गेल्यात, सर्व्हरच्या कपाटांसारखे हिरवे दिवे लुकलुकतायत, आणि प्रत्येक फळीवर वाट्या. तिनं काढून ठेवलेल्या, कधीच परत न केलेल्या. बापरे, एवढ्या! ओट्यावरच्या वाटीत हळद आहे. ती वाटी उलटी करून बघायला जाते.

“अगं, सांडवते काय? हातावर घे,” सर म्हणतात.

ती हळद उजव्या तळहातावर ओतून घेते. बुडाशी दुकानाचं नाव आहे. आपली वाटी ती डब्यातून काढून बाजूला ठेवते, ही आत ठेवते, आणि शटर वर गेलेलं असतं. ते उघडल्याचा आवाजही होत नाही. दुकानदार डबा घेतो, मान हलवतो, पुढच्याला हाक मारतो. म्हातारी हळूहळू सरकत पुढे येते. सुमेधाला रडू फुटतं. किती सोपं करून सांगायचे सर, आणि कधी एकदाही ‘एवढंही कळत नाही का’ म्हणाले नाहीत. सगळं आयुष्य ज्यावर उभं आहे, ते या माणसानं दिलं.

“सर, तुमचे आभार…”

“आभारप्रदर्शन कार्यक्रम संपल्यावर असतं. आधी काम.”

तिला नमस्कार करायचा आहे, पण हात हळदीनं भरलेला. सर बशी खाली ठेवतात. “असू दे तसाच हात,” म्हणतात, आणि त्यांचा आवाज बदलत बदलत प्रणयचा होतो.

“मॅडम, चहा आणला बरं का.”

टीममधला प्रणय मेश्राम ग्लास घेऊन उभा आहे. सुमेधा डोकं उचलते. तिचा उजवा तळहात पिवळाधमक आहे, रेषारेषांत हळद बसलेली. ऑफिसात हळद कुठली? डब्यात दहीभात होता. प्रणय हाताकडे बघतो आणि ग्लास टेबलावर ठेवतो.

ती हात धुवायला उठत नाही. तो मांडीवर उताणा ठेवते आणि डाव्या हातानं टाइप करू लागते. दोन-तीन ओळींचं तर काम. डबा परत द्यायच्या आधी त्याची वाटी जागेवर, आपली आपण वेगळी मोडायची. डाव्या हाताची बोटं भलत्याच अक्षरांवर पडतात.

“द्या, मी टाइप करून देतो ना.”

“नको.”

साठवून ठेवलेले जुने कॉल ती प्रोग्रॅमवर सोडते. एक निरोप जातो, मग झुंडीनं जातात, लांबलचक पत्त्यांचे, रडत सांगितलेले. प्रणय पडद्याकडे बघत उभा राहतो. चहावर साय धरते. शेवटचा कॉल जातो आणि प्रोग्रॅम शांतपणे पुढच्याची वाट बघत बसतो.

मग सुमेधा दोन्ही हात जोडते. हळद डाव्या हातालाही लागते.