फुगडीतले हात

मंगळागौरीला आई आणि मावशीने समईच्या उजेडात अशी फुगडी धरली, की छताचा पंखा लाजून थांबला आणि पूजेतली अन्नपूर्णा चौरंगाला घट्ट धरून बसली. मावशी उद्या कायमची लेकाकडे परदेशी निघालेली. सोबत न्यायला तिला या फुगडीचा फोटो हवा होता.

“फ्लॅश मारू नकोस मेल्या, डोळे दिपले तर हात सुटतील!” आई ओरडली.

मी हजारदा बटण दाबलं. चेहऱ्यांच्या जागी नुसती दोन वादळं! मधोमध गुंफलेले चार हात मात्र जात्याच्या मधल्या खिळ्यासारखे स्पष्ट. एवढ्या गरगरण्यातही, घट्ट धरलेलं तेवढं हलत नसावं.

“मावशी, तोंडं हलली गं.”

“हलू देत. तोंडं व्हिडिओ कॉलवर दिसतील. ताईचे हात तिकडे कुठून आणू?”