तेलाचा लाल दिवा आणि अप्पांचा कान

शुक्रवारी शाळा सुटल्यावर नांदेडला परत येत होते. नरसी गाव मागे पडलं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला... गाडी तिथेच कडेला घेऊन बंद केली.

तेल मोजायची दांडी ओढून बघितली तर तेल भरपूर. मग दिवा का लागला? ओळखीच्या गॅरेजवाल्या भाऊंना फोन केला. ते आले आणि टोचन करून गाडी घरापुढे आणून लावली.

भाऊंनी दोन मिनिटं इंजिन चालू करून ऐकलं. टकटक, टकटक... "मॅडम, बेरिंग गेले. सोमवारी नेतो, इंजिन खोलावं लागंल. न्हाईतर एक्सचेंजला टाका."

माझी शाळा मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवर आहे. तिथे एसटी दिवसातून एकदा जाते, तीही शाळा भरल्यावर. गाडीशिवाय अपडाऊन होत नाही, म्हणजे गाडी गेली तर ती शाळा सोडून बदली मागावी लागणार, आणि मला ती शाळा सोडायची नव्हती. डोकं आधीच तापलेलं.

तेवढ्यात ओट्यावर बसून सगळं बघणारे अप्पा म्हणाले, "तेलाचं प्रेशर मोजलं का?"

अप्पा म्हणजे माझे वडील. लातूरला त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं, तीस वर्षं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे. चार वर्षांपूर्वी दोन्ही कान गेले, मशीनचाही उपयोग झाला नाही, जोरात ओरडलं तरच थोडं कळतं. तेव्हापासून ते माझ्याकडे असतात. त्यांना आता कोणी काही विचारत नाही... मीही नाही.

मी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही ना अप्पा, मग मध्ये कशाला बोलता?" ते उठून आत गेले. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण माघार घ्यायची माझी सवय नाही.

रविवारी सकाळी उठून बघते तर अप्पा अंगणात. लातूरची जुनी लोखंडी पेटी उघडलेली आणि हातात प्रेशरचं गेज. मी जुना ड्रेस घालून आले. इंजिन खोलायचंच असेल तर आधी कारण कळलं पाहिजे, हे मला पटलं होतं.

ते बोटाने दाखवत गेले, मी पाना फिरवत गेले. दिव्याचा स्विच काढून तिथे गेज बसवलं आणि गाडी चालू केली. काटा जागचा हलेना, तेलाला प्रेशरच नव्हतं. म्हणजे दिवा खोटं बोलत नव्हता.

मग अप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला... पूर्वी करायचे तसंच. थोडा वेळ तसेच थांबले, आणि मग तो माझ्या हातात दिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी ऐकलं. काय ऐकू येतंय ते सांगायचं कसं? त्यांनी तळहात पुढे केला. मी त्यावर बोटाने टकटक वाजवून दाखवली, जशी येत होती तशी. वरच्या बाजूला बारीक आणि भरभर. खाली काहीच नाही.

"खाली न्हाई? परत ऐक." परत ऐकलं. नव्हतीच.

"मग खालचे बेरिंग जिवंत हायत. वरचं टॅपेट वाजायलंय. वर तेल पोचंना गेलंय." आणि लगेच गाडी बंद करायला लावली.

तेल आहे पण वर चढत नाही, म्हणजे वाटेत अडलंय. आता चेंबर खोलायचं, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. जॅकवर गाडी घेतली, खाली लाकडाचे ठोकळे लावले, तेल टबात काढलं. बोल्ट निघाले पण चेंबर निघेना, चिकटून बसलेलं. दोन तास पातळ पट्टी सारत राहिले. बोटं सोलवटली, पण त्या दिवशी मी हटणार नव्हते.

चेंबर खाली आलं. तेल ओढून घेणारी जाळी करड्या रबरासारख्या तुकड्यांनी गच्च भरलेली... सिलिकॉन. "कुण्या गाढवानं एवढं लावलं?" अप्पा तुकडे बोटावर घेऊन म्हणाले.

मला लगेच आठवलं. दोन महिन्यांपूर्वी वाडीच्या रस्त्यावर चेंबरला दगड लागून तेल गळत होतं. रस्त्यावरच्या मेकॅनिकने चेंबर काढून त्याच्या कडेला बोटभर सिलिकॉन लावलं होतं. मीच त्याच्या डोक्यावर बसून म्हटलं होतं, "भाऊ, हात आखडू नका, अख्खी ट्यूब लावा." जास्तीचं आत सुटून जाळीत जाऊन बसलं होतं.

जाळी धुतली. ट्यूब या वेळी अप्पांनी स्वतःच्या हातात ठेवली आणि चेंबरच्या कडेला दोऱ्याएवढी रेघ ओढून ते परत बसवलं. ती वाळेपर्यंत मी नवं तेल आणि फिल्टर आणलं. संध्याकाळी चावी फिरवली... काटा सरसर वर गेला. स्विच परत बसवला, दिवा विझला, टकटकही थांबली. अप्पांनी इंजिनावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मी हळूच म्हटलं, "ते गाढव मीच होते." त्यांना ऐकू गेलं नाही. "आँ?"

मग मी पोटातून ओरडले. "अप्पा, सिलिकॉन मीच लावायला लावलं! आणि शुक्रवारी तुम्हाला बोलले, तेही चुकलं माझं!"

समोरच्या गॅलरीतल्या काकू वाळत घातलेले कपडे सोडून बघायला लागल्या. अप्पा हसले. "हळू बोल की माय. सगळी गल्ली ऐकायलीय."

शुक्रवारचंही सगळ्या गल्लीने ऐकलं होतं... म्हटलं, मग हेही ऐकू दे.