मशीनगन मावशीचा अर्ज

"साहेबांचं अर्धं शहाणपण माझ्या बोटांतून गेलंय, आणि उरलेलं अर्धं मी दुरुस्त करून दिलंय," असं मावशी एकदा म्हणाली होती. स्वतःच्या निरोप समारंभात, हातात फुलांचा गुच्छ धरून, समोर तीन साहेब बसलेले असताना. साहेब हसले. दुसरं काय करणार?

ती माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. एकाच कचेरीत, टाइपिंग विभागात, तेहतीस वर्षं. आई हेड टाइपिस्ट आणि ही तिच्या हाताखाली, पण हाताखाली असल्यासारखी ती कधीच वागली नाही. कचेरीत तिला मशीनगन म्हणत. हे नाव कुणी चिडवायला ठेवलं असेल, पण तिला ते आवडायचं. फोन उचलून ती सरळ सांगायची, "बोला, मशीनगन बोलतेय."

तो विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, नऊ-नऊ मशीनच्या दोन रांगा, एका अंगाला उंच खिडक्या आणि टोकाला काचेची भिंत. काचेच्या अलीकडे सगळ्या बायका, पलीकडे सगळे पुरुष. याला कुणी नियम म्हणत नसे, पण तो शिपायालाही पाठ होता. पलीकडून हाताने लिहिलेले कागद यायचे आणि अलीकडून टाइप होऊन परत जायचे. अठरा मशीन एकदम चालली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्या आवाजातही आईला म्हणे मावशीचं मशीन वेगळं ऐकू यायचं. ते अडखळायचंच नाही.

वेग तर तिला होताच, पण तिचा खरा मान होता तक्त्यांचा. वर्षाच्या शेवटी कचेरीचा मोठा अहवाल निघायचा, त्यात आडव्या कागदावर अकरा-अकरा रकाने. एक आकडा एक घर सरकला तर अख्खं पान बाद, आणि पानाखाली पाच कार्बन असायचे. मावशी आधी कागदाकडे नुसती बघत बसायची. ओठ हलायचे. घरं मोजून झाली की सुरू व्हायची, आणि मग शेवटच्या रकान्यापर्यंत मान वर नाही. बाकीच्या मुली पट्टी लावून, पेन्सिलीच्या खुणा करून तेच काम दोन दिवसांत करायच्या आणि वर रबराने भोकं पाडायच्या.

सवय इतकी मुरली होती की आपण बोलत असलो तरी तिची बोटं मांडीवर हलायची. आपलं बोलणं ती टाइप करत असायची. बोलणं रटाळ झालं की बोटं थांबायची. मी तिच्यापुढे नेमकं बोलायला शिकलो ते या भीतीने.

लग्न तिने केलं नाही. भावाकडे राहिली. भाचरं मोठी झाल्यावर बस डेपोसमोर एक खोली घेतली. "सगळे विचारतात एकटीला कंटाळा येत नाही का. अरे, सतरा बायकांत दिवस काढून घरी आल्यावर कंटाळा आला तर किती बरं वाटेल!"

दोघी निवृत्त झाल्या, मशीन गेली, खोलीत संगणक आले आणि काचेची भिंतही काढली म्हणे. मग गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर ती मालिका सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी. जुन्या काळची कचेरी, टाइप करणाऱ्या मुली आणि त्यांच्यातली एक, जिला काचेपलीकडची खुर्ची हवी आहे. पहिला भाग संपला तेव्हा आईचा फोन वाजला. पलीकडून मावशी ओरडत होती, "अगं, आपली खोली! पंखासुद्धा तसाच डुगडुगतो!"

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई या मालिकेच्या भलत्याच नादी लागल्या होत्या. रविवारी चार वाजता त्यांनी वाचनकक्षात चर्चा ठेवायला सुरुवात केली. वीसेक माणसं जमत. मावशी आईला ओढून न्यायची, आणि दोघींना रिक्षातून उतरायचं जड जातं म्हणून मी बरोबर असायचो.

तिसऱ्या रविवारपर्यंत मावशी त्या खोलीची मालकीण झाली. एक शिंपी यायचे, ते कपड्यांतल्या चुका काढत. मशीनच्या चुका मावशीकडे.

"ती कार्बन उलटा घालतेय," मावशी सांगायची. "पत्र कागदाच्या पाठीवर उमटेल. आणि नखं बघितलीत? एवढ्या नखांनी एक ओळ मारून दाखव म्हणावं. अडकून पडेल मशीनमध्ये."

"बाई, त्या काळात असा गळा शिवतच नव्हते," शिंपी म्हणायचे.

"गळ्याचं जाऊ द्या हो, गळा कोण बघतंय!"

"आम्ही बघतो की. आमचा धंदाच तो."

एक बँकेत काम करणारी मुलगी अगदी पुढे बसायची. ती स्वतः शाखेची व्यवस्थापक होती. तिला सगळं खरं वाटायचं नाही. "मावशी, म्हणजे साहेब व्हायच्या परीक्षेला बसायचीसुद्धा परवानगी नव्हती बायकांना?"

"परवानगी होती गं. अर्ज कुणी घ्यायचं नाही."

आई या हसण्यात असायची, पण जरा कडेला. मावशीला इतकी खुशीत मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. ती सोमवारपासून रविवारची वाट बघायची.

मग तो भाग आला. मालिकेत मुलींची एक मुकादम आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. नायिका परीक्षेचा अर्ज तिच्याकडे देते, कारण अर्ज तिच्यामार्फतच वर जायचा असतो. चष्मेवाली तो अर्ज फाडून टोपलीत टाकते. दुसऱ्या दिवशी वाचनालयात लोक चपला काढायच्या आधीच बोलायला लागले.

"अशी बाई मिळाली तर मी नोकरी सोडीन," बँकेतली मुलगी म्हणाली.

"पुरुष अडवणार हे धरूनच चालतो आपण," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पण बाईने बाईचा गळा धरायचा?"

मावशीने हात वर केला. "हे मात्र खोटं दाखवलंय. असं कुणी करत नाही. मी सांगते ना. आमच्याकडे पहिल्यांदा बायकांचेही अर्ज घेणार म्हणून पत्रक निघालं. मी अर्ज केला. ही माझी हेड." तिने आईचा दंड धरला. "हिने अर्ज हातात घेतला आणि म्हणाली, तू साहेब हो, मी तुझी पत्रं टाइप करीन. काय गं?"

आई म्हणाली, "हो, म्हणाले होते."

"मग झालात का साहेब?" शिंप्यांनी विचारलं.

"कसली साहेब! अर्ज वर पोचलाच नाही. आमचा आवक कारकून! त्याच्या टेबलावर पत्र गेलं की विहिरीत गेलं. चहाचा कप ठेवला असणार माझ्या भविष्यावर. तो आपला रडून सांगतोय, बाई, तुमचा कागद माझ्याकडे आलाच नाही. मी सात वर्षं त्याच्याशी बोलले नाही. पुढची परीक्षा सहा वर्षांनी आली, तोवर माझं वय उलटून गेलेलं."

सगळे हसले. तिने सांगितलंच तसं. मी आईकडे बघितलं. ती समोरच्या वर्तमानपत्राची घडी घालत होती, घातलेली मोडत होती.

सोमवारी सकाळी गच्चीत ओले कपडे वाळत घालताना आईने मला सांगितलं. अर्ज आवक कारकुनाकडे गेलाच नव्हता. तो तिच्या खणात होता.

"तेव्हा तू पोटात होतास," ती म्हणाली. "चौथा महिना. तीन महिने रजा घ्यायची म्हणजे हेडची खुर्ची गेली, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. एकच वाट होती. अहवाल वेळेवर निघाला, विभाग चालला, तर खुर्ची राहील. आणि तो फक्त ती चालवू शकत होती. ती परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती, मला खात्री होती. मग माझ्यामागे कोण होतं? म्हटलं, उद्या पाठवू. रोज म्हटलं, उद्या पाठवू."

"मग?"

"मग तारीख गेली. मी रजेवर गेले. तीन महिने तिने विभाग चालवला. अहवाल काढला. माझ्या खुर्चीत बसलीसुद्धा नाही, आपल्या स्टुलावर बसून चालवला. मी परत आले तर खुर्चीवर धूळ होती."

मी म्हटलं, आता चाळीस वर्षं झाली, आता सांगून काय होणार. तेवढी एकच मैत्रीण आहे तुला, ती जाईल.

"जाईल," आई म्हणाली. "पण दर रविवारी ती वीस माणसांत माझं कौतुक करते. ते मला आता ऐकवत नाही. आणि तो कारकून बिचारा खरं बोलत होता."

तिने ठरवलं, रविवारी चर्चेच्या आधी तिला एकटीला गाठून सांगायचं. रिक्षात सांगणार होती. पण रिक्षात मावशीच बोलत राहिली. शेवटचा भाग झाला होता, नायिकेला खुर्ची मिळाली होती आणि मावशीचं म्हणणं होतं की खुर्चीत बसल्यावर तिने पहिलं पत्र स्वतः टाइप करायला हवं होतं. जिन्यात आई थांबली. मावशी म्हणाली, "चल गं, पुढची जागा जाईल," आणि वर गेली.

वर गर्दी होती. ग्रंथपालबाईंनी शेवटचा दिवस म्हणून सगळ्यांना विचारायचं ठरवलं होतं, कुठलं पात्र आवडलं आणि कुठलं नाही. चष्मेवालीला एकही मत मिळेना. शिंप्यांना तिचे कपडेही पसंत नव्हते.

"तिला माफी कशी काय दाखवली?" बँकेतली मुलगी म्हणाली. "शेवटी दोघी चहा पितात! मी असते तर तोंड बघितलं नसतं."

"अगं, तीही बाई होती," आई एकदम म्हणाली. "तिला काय भीती असेल, हे कुणी दाखवलंच नाही."

मावशी हसली. "ही बघा वकील! अहो, हिला कुणाचं वाईट बघवतच नाही. हेड असून कधी कुणावर ओरडली नाही. तुला काय माहीत चष्मेवाल्या कशा असतात?"

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तुझा अर्ज मी पाठवला नव्हता."

मावशीच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. तिला ते आवरायला वेळ मिळाला नव्हता. बँकेतल्या मुलीने "म्हणजे?" असं विचारलं.

"माझ्या खणात होता," आई म्हणाली. "मला तू तिथेच हवी होतीस. माझी खुर्ची सांभाळायला."

"किती दिवस?" मावशीने विचारलं.

"एकोणीस. मग तारीख गेली."

आईने पिशवीत हात घातला. मला वाटलं रुमाल काढतेय. तिने पुठ्ठ्याची एक पातळ फाईल काढली आणि मावशीपुढे ठेवली. ही फाईल घरात कुठे होती, मला आजही माहीत नाही.

आत एक कागद होता, कडांना पिवळा पडलेला. मावशीने चष्मा लावला आणि वाचायला लागली. ती सावकाश, एकेका अक्षराखाली नजर नेत वाचत होती, जशी काचेपलीकडे सहीला जाणारी पत्रं तपासायची. विषय, संदर्भ, महोदय, समास चहूबाजूंनी सारखा. मी तिच्या मागे उभा होतो, मला दिसत होतं. खाडाखोड नव्हती. खाली तिची सही, आणि सहीखाली "शिफारस" असं टाइप करून त्यापुढे आईसाठी सोडलेली कोरी जागा.

शिंप्यांनी खुर्ची जरा मागे ओढली, तिचा आवाज झाला. ग्रंथपालबाई उगाचच खिडकी लावायला उठल्या. आई मावशीकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. ती म्हणाली, "बोल ना काहीतरी. शिव्या दे."

मावशीने चष्मा काढला. फाईल आईकडे सरकवली, कागद तेवढा ठेवून घेतला. पर्स खांद्याला लावली. कागदाची घडी पडू नये म्हणून तो दोन्ही हातांत आडवा धरून ती दोन खुर्च्यांमधून अंग चोरत निघाली, दाराशी पोचली, चपला पायांनीच सारख्या करून घातल्या आणि बाहेर गेली.