कोण? कुठपर्यंत?

त्यांच्या टेबलाजवळ कुणी गेलं की ते वर न बघता डावा तळहात समोर धरायचे, ट्रॅफिक हवालदार धरतो तसा, आणि विचारायचे, "कोण? कुठपर्यंत?"

म्हणजे तुम्ही कोण, आणि मागच्या वेळी बोलणं कुठपर्यंत आलं होतं. हे सांगता आलं तरच हात खाली यायचा. "साळवी, तक्रार विभाग. बोरिवलीचे रिपोर्ट अडकले इथपर्यंत काल आलो होतो." एवढं म्हणून तिथून पुढे सुरू करायचं. मी मुळात वाहवत जाणारी बाई. घरी भाजी करपली हे सांगायलासुद्धा मी बाजारातून सुरुवात करते आणि भाजीवाल्याच्या मुलीच्या लग्नावरून परत येते. त्यांनी मला किती वेळा अर्ध्यातून माघारी पाठवलं असेल त्याला हिशेब नाही. "पहिल्यापासून सांगू नका, साळवीबाई. मी काय आज जन्मलो?"

तुमच्याही ऑफिसात असा एक असेल. नसला तर तुम्ही सुखी आहात, किंवा तो तुम्हीच आहात.

आमचं ऑफिस म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबचं अंधेरीतलं मुख्य कार्यालय. उपनगरांतले नमुने आमच्याकडे यायचे, रिपोर्ट इथे तयार व्हायचे आणि इथल्या डेटाबेसमधून ज्या त्या शाखेच्या मशीनवर जायचे. रिपोर्ट शाखेत पोचला की तिथलं मशीन आपणहून पेशंटला मेसेज पाठवायचं: आपला रिपोर्ट तयार आहे, शाखेतून घेऊन जावा, निरोगी राहा. हा सगळा कारभार त्यांच्या ताब्यात. माझ्या ताब्यात तक्रारी. ऐकून घ्यायचा सराव सासरी झालेला होता, त्यामुळे वेगळा अनुभव कुणी विचारला नाही.

जिभेने माणूस सोलायचे ते. बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीला लागलेली सुजाता त्यांच्या हाताखाली होती, गोवंडीहून यायची. तिने एकदा काम अर्धवट ठेवून डबा उघडला. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पोराला पण असंच अर्धं पाजून उठतेस का?" ती डबा बंद करून बाथरूममध्ये गेली. आम्ही सगळ्या आपापल्या भाजीकडे बघत बसलो. बाहेर आल्यावर तिने आधी ते काम संपवलं, मग जेवली. त्यांनी तपासलं, मान हलवली आणि पुढचं काम दिलं. चांगलं म्हणणं त्यांना जमायचं नाही.

आणखी एक खोड होती. मशीनवर काहीही बदल केला की नुसत्या हिरव्या दिव्यावर ते विश्वास ठेवायचे नाहीत. प्रत्येक शाखेत ओळखीच्या एका माणसाचं नाव टाकून बघायचे. शेवटचा रिपोर्ट दिसला की शाखा पास. घाटकोपरला मेव्हण्याचं नाव होतं. मुलुंडला, म्हणजे त्यांच्या राहत्या ठिकाणी, बायकोचं. आणि बोरिवलीला माझं. त्यामुळे माझी साखर माझ्या नवऱ्याआधी त्यांना कळायची. "साळवीबाई, दिवाळी बोरिवलीपर्यंत पोचली वाटतं," असं सगळ्यांसमोर म्हणायचे. मी हसायचे. दुसरं काय करणार, तक्रार विभाग मीच.

बायको आजारी आहे हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलुंडला रोज तेच नाव टाकत होते आणि रोज नवे आकडे बघत होते, एवढं सुजाताला दिसायचं. मग एक दिवस ते आले नाहीत. दिवसवार आटोपून परत आले तेव्हा मी शब्द जुळवून त्यांच्या टेबलाशी गेले. तळहात वर आला.

"कुठपर्यंत? गेली, दिवस झाले, इथपर्यंत. पुढचं कामाचं बोला."

डेटाबेसचं जुनं व्हर्जन बदलायचा हुकूम त्यानंतर थोड्याच दिवसांत आला. आमचे साहेब नवीन होते, घाईचे होते. रविवारी दुपारी उरकून टाका म्हणाले. यांनी तालमी मागितल्या. साहेब म्हणाले, "काका, नाटक बसवताय की अपग्रेड करताय?"

त्यावर त्यांनी जे समजावलं ते मलासुद्धा कळलं, म्हणजे तुम्हाला कळायला हरकत नाही. "ही पंगत आहे. डेटाबेस वाढपी, शाखा जेवायला बसलेल्या. प्रत्येक पानाला एक आयडी आहे. कुठल्या पानावर कुठपर्यंत वाढून झालं, ते त्या आयडीवरून कळतं. व्हर्जन बदलायचं म्हणजे जेवणं चालू असताना वाढपी बदलायचा. नव्याच्या हातात जुने आयडी जसेच्या तसे गेले नाहीत, तर त्याला पान कोरं दिसणार. तो पुन्हा मिठापासून सुरू करणार."

मी म्हटलं, "मग जिलेबी दोनदा मिळाली तर बिघडलं कुठे?"

"तुमची साखर बघता, बरंच बिघडलं."

साहेबांनी तालमी दिल्या. तालमी चोख झाल्या. रविवारी खरं काम झालं, तेही दुपारच्या चहापर्यंत. मी तिथे होते, कारण गडबड झाली तर फोन माझ्याकडे येणार होते. नवं व्हर्जन सुरू झालं, हिरवे दिवे लागले, आणि ते एकेक शाखा तपासायला बसले. घाटकोपर, मेव्हणा, पास. बोरिवली, मी, पास. सुजाता मागे उभी होती.

"सर, मुलुंड?"

त्यांचे हात कीबोर्डवर होते. नाव टाकलं नाही. "झालं," म्हणाले. आणि शाखांना लाइन जोडून दिली.

मुलुंडचा आयडी नव्या व्हर्जनमध्ये आलेलाच नव्हता. तालमीनंतर तिथलं मशीन बदललं होतं आणि त्याची नोंद वेगळ्या तऱ्हेने झाली होती. एक नाव टाकलं असतं तर पान कोरं दिसलं असतं आणि लाइन जोडायच्या आधी सगळं थांबलं असतं.

वाढपी मिठापासून सुरू झाला. मुलुंड शाखेत आजवर झालेला प्रत्येक रिपोर्ट नव्याने जाऊ लागला आणि मशीन प्रत्येकाला मेसेज पाठवू लागलं. हयात असलेले लोक वैतागले, त्यांचं काही वाटलं नाही. पण लॅबचे जुने पेशंट म्हणजे सगळेच काही हयात नसतात.

भांडुपहून एक बाई बोलली, "मॅडम, सासूबाईंचा रिपोर्ट तयार आहे म्हणता. त्यांचं वर्षश्राद्ध झालं हो. साखर उतरली का, तेवढं सांगा." बोलून हसली आणि हसता हसता फोन ठेवला. नंतर एका माणसाचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबांचा मेसेज आईच्या फोनवर आलाय. तिला हल्ली आठवत नाही. ती चपला घालून दारात बसलीय, रिपोर्ट आणायला चल म्हणते. मी तिला आता काय सांगू? पुन्हा सांगू?"

मी मान वळवली. ते लाइन तोडायच्या खटपटीत होते, बोटं भराभर चालली होती. टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. त्यांनी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि लाइन तोडूनच हात थांबवले.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगला बसवलं. ते आत आले तसा साहेबांनी डावा तळहात समोर धरला.

"कोण? कुठपर्यंत?"

काहीजण हसले. इतकी वर्षं सोलले गेलेले लोक होते, त्यांना मोका मिळाला. ते उभेच राहिले. "मुलुंड. पहिल्यापासून," म्हणाले.

"तपासलं होतं?" साहेबांनी सुजाताला विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. "बाकी सगळ्या शाखा तपासल्या. मुलुंड नाही. मी विचारलं, सर 'झालं' म्हणाले. पण नाव टाकलं नव्हतं."

"का?"

याचं उत्तर त्या खोलीत सुजाताला माहीत होतं आणि मलाही. मी तर बोलण्यासाठीच प्रसिद्ध, पण त्यांनी माझ्याकडे बघून तळहात अगदी थोडा वर केला.

मग सुजाताला म्हणाले, "बरोबर सांगितलंस. मधलं काही गाळलं नाहीस." त्यांच्या तोंडून तिने ऐकलेलं पहिलं कौतुक ते. ती पुन्हा बाथरूमकडे गेली.

जेवणाच्या सुट्टीआधी त्यांचं कार्ड काढून घेतलं. निरोप समारंभ नाही, केक नाही. साहेबांनी त्यांची खुर्ची त्याच दिवशी दुसऱ्याला दिली, कारण तीच एक डुगडुगत नव्हती. डब्याच्या वेळी कुणीतरी त्यांची नक्कल केली. छान उतरली होती.

त्या आठवड्यात मुलुंडच्या काउंटरवरून फोन आला. तिथली मुलगी गोंधळलेली होती.

"मॅडम, एक काका आलेत. मेसेज दाखवतायत, रिपोर्ट द्या म्हणतात. पेशंट वारलीय असं स्वतःच सांगतायत."

मी नाव विचारलं. तिने सांगितलं.

"देऊन टाक," मी म्हटलं.

"पण मॅडम, हे जुनंच आहे. यांनी तेव्हाच नेलंय, सही आहे."

"पुन्हा दे."

पलीकडे ती कुणाशी तरी बोलली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ते म्हणतात, हा एकच नको. पहिल्यापासूनचे सगळे मिळतील का?"