म्हशीला सांगितलेलं

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. सोनाळ्याच्या रंगरावाच्या घरी पाहणीवाली बाई आली. घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, ते गप्प बसून टिपायचं शिक्षण घेऊन ती नागपूरहून आली होती. चार दिवस ओसरीवर बसली आणि निघताना रंगरावाच्या बायकोला म्हणाली, "अंबूबाई, तुम्ही नवऱ्याशी एकदाही बोलला नाहीत."

अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिनं कान काय गहाण ठेवले होते? सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून नवरा जवळ असला की ती सगळं म्हशीला सांगायची. "तुलेबी माय असन व, बिमार असन. पन तुले भेटाले कोनी नेत नाही." दिवाळीपासून हेच चाललं होतं.

"म्हशीले सांगत होती मी, थे कोनासाठी?" तिनं बाईला विचारलं.

खाटेवरून रंगराव हसला. "मले वाटे, म्हशीलेच सांगून राह्यली."

अंबूबाईनं बादली दाणकन खाली ठेवली. ओसरीवर बसलेल्या सासऱ्यासमोर नवऱ्याकडे सरळ पाहिलं आणि लग्नापासून कधी न घेतलेलं नाव घेतलं.

"रंगराव, मी मेहकरले मायकडे चालली. म्हशीले पानी तुमी पाजा."